रिलेत बोर्डावर मायनस येतो आणि संघ बाद होतो : आधी कुठे बघायचे?

तक्रार ठरलेली असते. पोहण्याची रिले संपते, मुली एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि दहा मिनिटांनी भिंतीवर लागलेल्या निकालात संघापुढे 'डीक्यू', म्हणजे बाद, असे दिसते. कारण, दुसऱ्या बदलाला -०.११. म्हणजे आधीची मुलगी भिंतीला लागायच्या ०.११ सेकंद अगोदर पुढच्या मुलीचे पाय ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावरून, सुटले. कोच टेबलाकडे धावत येतात, "अहो, मी समोर उभा होतो, ती हललीसुद्धा नव्हती!" त्यांच्या मागे मोबाइल हातात घेऊन बाबा. आणि थोड्या अंतरावर टॉवेल गुंडाळून उभी असलेली ती मुलगी, जिच्यावर आता सगळ्यांचे खापर फुटणार असते.

मी बरीच वर्षे जलतरण स्पर्धांत टायमिंगच्या टेबलावर बसतो. त्या गोंधळात उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सांगतो. मायनस आला की बहुतेक जण ब्लॉककडे बघतात. माझा अनुभव असा की, निदान लहान मुलांच्या स्पर्धांत, आधी पाण्यातल्या हाताकडे बघावे.

तो आकडा तयार कसा होतो

बोर्डावरचा आकडा ही एका यंत्राने घेतलेली नोंद नसते, ती दोन नोंदींची वजाबाकी असते. एक नोंद ब्लॉकवरच्या प्लेटची : पायाचा दाब कधी सुटला. दुसरी भिंतीवरच्या टचपॅडची : आत येणाऱ्या मुलीचा हात कधी दाबला गेला. पाय सुटल्याच्या वेळेतून हात लागल्याची वेळ वजा केली की टेकओव्हरचा, म्हणजे बदलाचा, आकडा मिळतो. प्लस म्हणजे ठीक, मायनस म्हणजे लवकर उडी. मोजणीतला बारीक फरक धरून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत -०.०३ पर्यंत सूट असते, -०.०४ ला संघ बाद.

दोन नोंदींपैकी कोणतीही चुकली तरी आकडा चुकतो. पाय वेळेवर सुटले पण हाताची नोंद उशिरा झाली, तर वजाबाकी मायनसमध्येच जाते. बोर्ड सांगत नाही की चूक पायाची की हाताची. तो फक्त ब्लॉकवरच्या मुलीला दोषी ठरवतो.

०.११ सेकंद म्हणजे किती, हेही डोळ्यासमोर आणा. चांगला जलतरणपटू फ्रीस्टाइलला सेकंदाला साधारण २ मीटर जातो. ०.०१ सेकंदात २ सेंटीमीटर, ०.११ सेकंदात २२ सेंटीमीटर. आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुली याहून हळू पोहतात, पण अंदाज यावा म्हणून सांगितले. शेवटच्या वीतभर अंतरात हात कसा लागतो यावर सगळे ठरते.

एक उदाहरण, आकड्यांसकट

४ × ५० मीटर फ्रीस्टाइल, मुली, ५० मीटरचा तलाव. दुसऱ्या बदलाला -०.११, संघ बाद. कोच मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन रेफरींशी उडीबद्दलच वाद घालत राहिले. यंत्राच्या नोंदींचा कागद कोणी मागितला नाही. निकाल कायम झाला. संध्याकाळी मी नोंदींचे प्रिंट फाइलला लावत होतो, तेव्हा त्या लेनवर नजर थांबली. दुसऱ्या मुलीच्या आगमनाची पॅडची वेळ १:०४.७१. त्याच लेनवर टाइमकीपरने बटण दाबले होते १:०४.३८ ला. तिसऱ्या मुलीचे पाय सुटले १:०४.६० ला.

वजाबाकी करून बघा. पॅडप्रमाणे १:०४.६० वजा १:०४.७१, म्हणजे -०.११. बटणाप्रमाणे १:०४.६० वजा १:०४.३८, म्हणजे +०.२२. एकीत लवकर उडी, दुसरीत अगदी शहाण्यासारखा बदल. बटण माणसाच्या हातात असते, तेही चुकते, पण नेमलेला टाइमकीपर लेनच्या डोक्यावर उभा राहून बटण दाबतो, तेव्हा पॅडशी सहसा ०.३० सेकंदांचा फरक पडत नाही. इथे ०.३३ पडला होता. एवढा फरक दिसला की आम्ही तरी थांबतो आणि विचारतो : मुलीचा हात पॅडला लागला की दुसऱ्या कशाला?

दुसऱ्या दिवशी मी त्या दुसऱ्या मुलीला सहज विचारले, "बेटा, भिंतीला कसा हात लावतेस?" तिने दाखवले. वर चढवून, बोटे कडेच्या पन्हळीत अडकवून. तिच्या सरावाच्या तलावात पॅड नसतात. रोज दोन तास ती पन्हळीची कड पकडूनच थांबते. शर्यतीतही तिचा हात पॅडच्या वरच्या कडेवरून पन्हळीत गेला आणि मग अंग पुढे येऊन पॅडला धडकले, तेव्हा कुठे नोंद झाली. तिसरी मुलगी मात्र हात भिंतीला लागलेला बघून, शिकवल्याप्रमाणे सुटली होती.

निकाल बदलायची वेळ निघून गेली होती. संध्याकाळी तो कागद बघूनही मी त्याच रात्री कोचना फोन केला नाही, याची मला आजही खंत आहे. पुढच्या मोसमात ती तिसरी मुलगी दिसली, तेव्हा प्रत्येक बदलाला अर्धा सेकंदाहून जास्त थांबत होती. तिला 'घाई करणारी' ठरवले गेले होते आणि तिने ते मनावर घेतले होते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला अन्यायाचीच वाटते. ५० मीटरच्या तलावात ४ × ५० झाली की पहिला आणि तिसरा बदल समोरच्या टोकाला होतो, दुसरा सुरुवातीच्या टोकाला. आपल्याकडे अनेक स्पर्धांत पॅड आणि प्लेट एकाच टोकाला, शेवट जिथे होतो तिथे लावलेल्या असतात. म्हणजे एकाच शर्यतीत दोन बदलांचा न्याय माणसाच्या डोळ्यांनी आणि एकाचा शंभराव्या भागापर्यंत यंत्राने. डोळा ०.११ सेकंदाची लवकर उडी बहुतेक वेळा पकडू शकत नाही, संशयाचा फायदा मिळतो. यंत्राकडे संशय नसतो. तिसऱ्या क्रमांकाला पोहणाऱ्या मुलीलाच कायम कडक मोजमाप. आयोजकांनी अशा वेळी एक तर दोन्ही टोकांना यंत्र लावावे, नाहीतर त्या प्रकारात तिन्ही बदल पंचांच्या नजरेवर ठेवावेत आणि हे संघांना सकाळच्या बैठकीतच सांगावे.

हात हलका लागणे

पॅड पाण्याच्या लाटेने चालू होऊ नये आणि हाताने मात्र व्हावे, अशी रचना असते. नियमाप्रमाणे पॅड निदान २.४ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच हवा, ३० सेंटीमीटर पाण्यावर, ६० पाण्याखाली, जाडी १ सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही. म्हणजे जागा भरपूर असते. प्रश्न दाबाचा आणि हात कुठे पडतो याचा असतो.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली १०० मीटर बटरफ्लाय अनेकांना आठवत असेल. सर्बियाचा मिलोराड चाविच हात लांबवून तरंगत भिंतीकडे आला, मायकल फेल्प्सने शेवटचा अर्धा स्ट्रोक जास्त मारून हात पॅडवर आदळला. ५०.५८ आणि ५०.५९. सर्बियाने दाद मागितली, टायमिंग करणाऱ्या ओमेगा कंपनीने टिपलेली चित्रे बघून ती फेटाळली गेली. पोचणे आणि पॅड दाबणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना समजावायला मी तीच शर्यत सांगतो. वैयक्तिक शर्यतीत तरंगत गेलात तर आपला शंभरावा भाग जातो. रिलेत तरंगत गेलात तर पुढच्याची उडी लवकर ठरते.

सगळ्यात जास्त गोंधळ मेडलीच्या, म्हणजे चौघे चार वेगळ्या प्रकारांत पोहतात त्या रिलेच्या, पहिल्या बदलाला, बॅकस्ट्रोकवाल्याच्या हातामुळे होतो. पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही, हात डोक्यामागून वर येतो आणि पॅडच्या वरच्या कडेवर किंवा थेट कठड्यावर आपटतो. ५ मीटरवरच्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपले किती स्ट्रोक होतात, हे प्रत्येक बॅकस्ट्रोकवाल्याला झोपेतही सांगता आले पाहिजे. तरच शेवटचा हात पाण्याखाली, आडवा लांब जातो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, पॅड मात्र जो हात आधी दाबेल त्याची नोंद करतो. तिथे तक्रार क्वचित येते.

यंत्राचेच बिघडलेले असेल तर

हे कमी वेळा घडते, पण घडते, आणि ओळखायच्या खुणा आहेत.

शेजारशेजारच्या दोन लेनचे आकडे विचित्र असतील, एकीला -१.८० आणि दुसरीला +२.१०, तर प्लेटच्या वायरी एकमेकींत बदलल्या गेल्या आहेत हे जवळजवळ नक्की. ५ नंबरच्या मुलीचे पाय सुटले की नोंद ४ नंबरला होते. हा दोष पहिल्या हीटलाच, म्हणजे प्राथमिक फेरीच्या पहिल्या शर्यतीलाच, दिसतो. एकाच लेनवर प्रत्येक हीटमध्ये, संघ कोणताही असो, मायनस येत असेल, तर मुलींना सोडा, लेन तपासा. पॅड लोंबकळतो आहे का, कडेला वाकला आहे का, त्याच्या मागे पाण्याचा फुगा झाला आहे का.

उलटी चूकही होते आणि तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण ती संघाच्या फायद्याची असते. सुटणाऱ्या मुलीच्या मागे तिची मैत्रीण ब्लॉकवर हात टेकून ओरडत असली, तर प्लेटवर दाब राहतो. पाय सुटले तरी प्लेटला वाटते कोणीतरी आहे. खरीखुरी लवकर उडी झाकली जाते. म्हणून पंच मुलींना ब्लॉकपासून मागे सारतात, त्यात त्रास द्यायचा हेतू नसतो. तसेच, आधीची मुलगी पॅडला धरून वर चढू लागली तर नको तेव्हा नोंद होऊ शकते. ऑपरेटर ठरावीक वेळ पॅड बंद ठेवतो तो याचसाठी. पोहून झालेल्या मुलीने दोरीला धरून बाजूला व्हावे, रेफरी सांगतील तेव्हा शांतपणे बाहेर यावे.

बाहेर यावे, आणि परत आत जाऊ नये. २००१ च्या फुकुओका जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी ४ × २०० फ्रीस्टाइलला सगळ्यांच्या आधी भिंत गाठली आणि आनंदात पाण्यात उड्या मारल्या. बाकीचे संघ अजून पोहत होते. ऑस्ट्रेलिया बाद. सुवर्णपदक ब्रिटनला गेले.

मग माणसाचेच डोळे बरे नव्हते का?

असे काही ज्येष्ठ कोच म्हणतात. त्यांना मी १९६० च्या रोमची आठवण करून देतो. १०० मीटर फ्रीस्टाइल, ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांवर ५५.२. लार्सनच्या घड्याळांवर ५५.०, ५५.१, ५५.१. म्हणजे तिन्ही घड्याळे लार्सनच्या बाजूने. क्रमांक ठरवणाऱ्या पंचांची मते मात्र विभागली आणि मुख्य पंचांनी डेव्हिटला विजेता ठरवले. लार्सनची वेळ ५५.२ करून लिहिली गेली. घड्याळ सांगत असलेली वेळ बदलून निकालाशी जुळवली. त्यातूनच टचपॅडची निकड पटली, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पॅड आले.

यंत्राचा अतिरेकही खेळाने पाहिला आहे. १९७२ म्युनिक, ४०० मीटर वैयक्तिक मेडली. स्वीडनचा गुन्नार लार्सन ४:३१.९८१, अमेरिकेचा टिम मॅकी ४:३१.९८३. सुवर्ण आणि रौप्य यांत दोन हजारांश सेकंदाचे अंतर, म्हणजे पाण्यात काही मिलिमीटर. तलावाच्या सगळ्या लेन इतक्या मिलिमीटरपर्यंत सारख्या बांधल्याच जात नाहीत, मग तो निकाल पोहण्याचा की भिंतीचा? पुढे नियम शंभराव्या भागावर थांबला. म्हणून २०१६ च्या रिओत १०० मीटर फ्रीस्टाइलला सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक या दोघींना ५२.७० वेळेसाठी दोन सुवर्णपदके मिळाली.

-०.०३ ची सूट मला त्याच समजूतदारपणाची वाटते. पण रेषा कुठेतरी ओढावी लागते आणि ती ओलांडली की मोठ्या नावालाही माफी नाही. २००७ च्या मेलबर्न जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा पुरुषांचा मेडली रिले संघ हीटमध्येच बाद झाला. इयन क्रॉकरचा आकडा -०.०४. एका शंभराव्या भागाने. त्या स्पर्धेत सात सुवर्णपदके जिंकलेल्या फेल्प्सचे आठवे तिथेच गेले. अंतिम फेरीतले सुवर्ण ऑस्ट्रेलियाने नेले.

माझे मत विचाराल तर, यंत्र हवेच. पण यंत्राचा आकडा आणि बटणाची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघणारा माणूसही टेबलावर हवा. नियमात यंत्राला अग्रक्रम आहे, तो नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चाललेल्या यंत्राला. ही देखरेख कागदावर राहिली की तेरा वर्षांच्या मुलीवर अन्याय होतो.

मोबाइलचा व्हिडिओ

पालकांची नाराजी मी समजू शकतो, पण प्रेक्षागृहातून काढलेला साधा व्हिडिओ सहसा काही सिद्ध करत नाही. सेकंदाला २५ चित्रे असतील तर दोन चित्रांमध्ये ०.०४ सेकंद जातात, ३० असतील तर ०.०३३. म्हणजे ज्या फरकावर संघ बाद होतो, तेवढा वेळ दोन चित्रांच्या मध्येच हरवतो. शिवाय कॅमेरा तिरका असतो आणि हात फेसात दिसत नाही. सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन, अगदी लेनच्या रेषेत बाजूने घेतलेला, हा सरावासाठी मात्र फार उपयोगी. त्यात हात पॅडवर पडला की पन्हळीत, हे स्पष्ट दिसते.

शंका असेल तर काय करायचे

आंतरराष्ट्रीय नियमांत प्रकार संपल्यापासून ३० मिनिटांत लेखी तक्रार द्यावी लागते. तेव्हा पहिली पाच मिनिटे वादात घालवू नका. व्यवस्थापकांनी रेफरींकडे नम्रपणे एकच विनंती करावी : त्या बदलाची पॅडची वेळ, बटणाची वेळ आणि त्या लेनच्या टर्न पंचांची (भिंतीजवळ उभे राहून बदल बघणाऱ्यांची) नोंद, तिन्ही तपासावे. 'माझी मुलगी हलली नव्हती' हे वाक्य तक्रारीत नसावे. पंचांनी डोळ्यांनी ठरवलेल्या घटनेवर दाद मागता येत नाही. यंत्राची नोंद सदोष असण्याची शक्यता दाखवता येते. आणि पॅड लोंबकळताना शर्यतीआधीच दिसला असेल तर शिट्टीपूर्वी सांगा. आधी दिसलेल्या अडचणीची तक्रार शर्यत सुटण्यापूर्वीच करायची, असा नियम आहे.

सरावात बदल

पॅड नसलेल्या तलावातही टच शिकवता येतो. पन्हळीच्या वीतभर खाली, पाण्याखाली रबराच्या चटईचा तुकडा घट्ट बसवा आणि नियम करा : प्रत्येक फेरीचा शेवट त्या तुकड्यावर. पन्हळ पकडली तर फेरी धरायची नाही. शेवटच्या दोन स्ट्रोकना श्वास नाही, डोके खाली, बोटे सरळ, तळवा भिंतीवर ठाम. पंधरा दिवस मुले कुरकुरतात, मग हाताला सवय लागते.

सुटणाऱ्या मुलीने समोरच्या मुलीच्या डोक्याकडे बघावे, हाताकडे नंतर. तळाची काळी रेषा भिंतीच्या २ मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी पट्टी असते. तिचे डोके त्या पट्टीवर आले की आपल्या हातांची हालचाल सुरू, तिचा हात भिंतीला लागला की आपले पाय सुटले. शालेय वयात +०.१५ ते +०.३० मध्ये बदल होत असेल तर मला समाधान आहे. +०.०५ च्या मागे लागून जे मिळते ते एखाद्या दशांशापेक्षा थोडे जास्त, आणि गेले तर चौघींची मेहनत जाते.

आता मी बसतो त्या स्पर्धांत रेफरींच्या परवानगीने एक गोष्ट करतो. वॉर्मअप संपायच्या आधी बोर्ड चालू करून रिलेच्या मुलींना लेनमध्ये बोलावतो आणि पॅड दाबायला सांगतो. गेल्या वेळी ती तिसरी मुलगीही होती, आता चौथ्या क्रमांकाला पोहते. तिने आधी दोन बोटांनी हलकेच स्पर्श केला. बोर्डावरचे आकडे पळतच राहिले. तिने माझ्याकडे पाहिले. मग पाण्याखाली वीतभर तळवा नेऊन तिने ठाम दाबला आणि आकडे थांबले. तिने मागे वळून तिच्या आधी पोहणाऱ्या मुलीला हाक मारली, "इकडे ये, तू पण करून बघ."